फटफटीच्या तेलावरून इंजिनाची झीज कशी ओळखावी

बैलगाडीचे चाक उतरवून आसास वंगण देण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. आसावरचे जुने वंगण काळे व घट्ट झालेले असते, आणि ते दोन बोटांत चोळले असता त्यात कचकच लागते. ती कचकच म्हणजे आसाचे झिजून गेलेले लोखंड आणि रस्त्याची माती होय. ती नेहमीपेक्षा अधिक लागली की जाणता गाडीवान तुंबा व आस दोन्ही तपासून पाहतो. वंगणाचे काम जसे घर्षण कमी करण्याचे, तसेच आत काय चालले आहे याची वार्ता बाहेर आणण्याचेही आहे, हे त्याने कोणाकडून शिकलेले नसते.

आज किनवट तालुक्यात बैलगाडीची पुष्कळशी कामे फटफटीकडे आली आहेत. शंभर-सव्वाशे सीसीची लहान गाडी बहुतेक शेतकऱ्यांच्या दारी उभी असते. परंतु आसाच्या वंगणाकडे जी नजर होती, ती या गाडीच्या तेलाकडे क्वचितच वळलेली दिसते. मिस्त्री तेल बदलतो, जुने तेल डबड्यात ओततो, आणि त्या तेलाने आणलेली वार्ता न वाचताच फेकली जाते. ही वार्ता घरच्या घरी, थोड्या खर्चात व थोड्या वेळात कशी वाचावी, हे सांगण्याचा येथे आमचा हेतू आहे.

हा विषय किरकोळ नव्हे. हा मुलूख सागवानी जंगलाचा, टेकड्यांचा व पैनगंगेच्या खोऱ्याचा. गावे विखुरलेली, माहूर येथून सुमारे पन्नास किलोमीटर, तर जिल्ह्याचे ठिकाण नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर दूर. फवारणीचा पंप शेतावर नेणे, खताचे पोते आणणे, दुधाची कॅन पोहोचविणे, मुलास परीक्षेच्या गावी नेणे आणि रात्री-अपरात्री आजारी माणसास रुग्णालयात घेऊन जाणे, ही सर्व कामे त्या एका गाडीवर अवलंबून असतात. इंजिन एकाएकी आवळून बसले तर ते बहुधा कामाच्या ऐन दिवसांतच बसते, कारण त्याच दिवसांत गाडी सर्वांत जास्त चालते. चारपाचशे रुपयांच्या तेलाकडे दुर्लक्ष केल्याने बोअर, पिस्टन व रिंगा बदलण्याचा काही हजारांचा खर्च खरिपाच्या उसनवारीत येऊन पडतो.

तेलाचे काम

पूर्वीच्या पुष्कळ गाड्या, उदाहरणार्थ राजदूत किंवा यामाहा आर एक्स १००, दोन फटक्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलाबरोबर जळून धुरावाटे निघून जाई. गिअरचे तेल निराळे असे. सबब इंजिनाच्या तेलात झीज शोधण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही चार फटक्यांची लहान गाडी बाजारात आली, आणि त्यानंतर हळूहळू फोर-स्ट्रोक इंजिन सर्वत्र रूढ झाले. या इंजिनात तेल जळावयाचे नसते. तळाशी असलेले सुमारे एक लीटर तेल पंपाने वर चढते, पिस्टन, कॅम व बेअरिंगे भिजविते आणि पुन्हा खाली येते. लहान फटफटीत क्लचच्या प्लेटा व गिअरही याच तेलात बुडालेले असतात. अर्थात इंजिनाच्या कोणत्याही भागात झीज झाली तरी तिचा कण शेवटी याच तेलात येतो. तेल हे साऱ्या यंत्राचे एकच पाणवठ्याचे ठिकाण आहे म्हणा ना. ज्याचे पाऊल तेथे उमटले नाही असा एकही भाग नाही.

रंगाचा भ्रम

तेल काळे झाले म्हणजे वाईट झाले, आणि पिवळसर आहे तोवर चांगले आहे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज सोडून दिला पाहिजे. चांगल्या तेलात मळ धुऊन काढणारी व तो तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे जळणाची काजळी व क्लच प्लेटांचा भुसा तेलात पसरून राहतो, इंजिनाच्या भिंतीस चिकटत नाही. अशा तेलाचा रंग लवकर बदलतो, आणि तो बदलणे हे तेल काम करीत असल्याचे चिन्ह असते. उलट, एखाद्या तेलाचा रंग फारसा बदलला नाही तरी त्यात धुळीचे बारीक कण भरलेले असू शकतात, आणि तेच पिस्टनास कानशीप्रमाणे घासत असतात. काळेपणा म्हणजे झीज नव्हे आणि स्वच्छ रंग म्हणजे निर्धोकपणा नव्हे.

मग पाहावयाचे काय? तेलात धातू किती व कोणत्या जातीचा येतो. तेल किती घटते. त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळले आहे काय. आणि मुख्य म्हणजे मागच्या खेपेपेक्षा यांत फरक पडला आहे काय, हे पाहावयाचे. एकदाच पाहून फारसे कळत नाही. एकाच गाडीचे तेल प्रत्येक खेपेस एकाच रीतीने पाहिले आणि लिहून ठेवले, तर बदल आपोआप बोलू लागतो.

झीज कशाने होते

पहिले कारण धूळ. ९७ सीसीच्या आसपासचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असता, प्रत्येक दोन फेऱ्यांस एकदा हवा आत ओढते. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतो असे धरले तर तासाला साडेचौदा हजार लीटर हवा होते. अर्धाच भरतो असे धरले तरी सात हजार लीटरांवर जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत मळवाटेने जाणाऱ्या ट्रॅक्टरमागून फटफटी चालवावी, म्हणजे या हवेत काय असते ते कपड्यांवरूनच दिसते. ही धूळ अडविणारी एकमेव वस्तू म्हणजे हवेची गाळणी, अर्थात एअर फिल्टर. ती फाटली, तिरपी बसली किंवा 'गाडी ओढत नाही' म्हणून कोणी काढून टाकली, तर इंजिनाचे आयुष्य फार झपाट्याने सरते. हलत्या भागांमधील तेलाचा थर काही मायक्रॉनांचाच असतो. त्याहून मोठा धुळीचा खडा त्या थरातून दोन्ही बाजूंस ओरखडे काढीत जातो. कागदी गाळणी रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसविण्याची चाल घातक आहे. ती बदलावयाची असते. स्पंजाची असेल तरच ती धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन पुन्हा वापरता येते.

दुसरे कारण थंड इंजिनावरच्या लहान फेऱ्या. घरून शेत दोन किलोमीटर, शेतावरून घर दोन किलोमीटर, असा आपला बहुतेक प्रवास. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. जळणातून निर्माण झालेली पाण्याची वाफ व न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि उडून जावयास अवकाश मिळत नाही. याने तेल पातळ होते व आतील लोखंडास गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवावी, असे आम्ही सुचवितो.

तिसरे कारण पाणी. किनवट व माहूर हे मराठवाड्यातील अधिक पावसाचे तालुके. ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून गाडी घातली असता हवेच्या मार्गाने किंवा इंजिनाच्या श्वासनळीतून पाणी आत शिरते. गाडी पाण्यात बंद पडली तर किक मारण्यापूर्वी तेल पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर गाडी चालू करू नये, ढकलीत न्यावी आणि तेल बदलूनच चालू करावी.

चौथे कारण तेलाची कमतरता. एक लीटरच्या आत असलेल्या तेलातून तीनशे मिलीलीटर घटले म्हणजे तिसरा हिस्सा गेला. उरलेले तेल अधिक तापते व लवकर बिघडते. घाटाच्या चढणीवर दोन माणसे आणि एक पोते घेऊन जाणाऱ्या गाडीस हे सोसत नाही.

प्रयोगशाळेतील तपासणी

तेलातील धातू मोजण्याची विद्या रेल्वेतून आली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांच्या तेलाचे असे परीक्षण सुरू केले, आणि पुढे विमानांच्या इंजिनांसही ते लागू झाले. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही इंजिनांचे तेल नियमाने तपासले जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. चुलीत मीठ पडले म्हणजे ज्वाला पिवळी होते, हे सर्वांनी पाहिले आहे. तद्वत प्रत्येक धातू फार मोठ्या उष्णतेत आपापल्या विशिष्ट रंगाचा प्रकाश देतो. तेलाचा थेंब विजेच्या ठिणगीत जाळून त्या प्रकाशाचे पृथक्करण केले की कोणता धातू किती आहे ते कळते.

मोजमाप 'दहा लाख भागांत इतके भाग' असे देतात. नऊशे मिलीलीटर तेलाचे वजन सुमारे आठशे ग्रॅम असते. त्यात दहा लाखांत शंभर भाग लोखंड निघाले, तर सबंध तेलात ८० मिलिग्रॅम लोखंड झाले. म्हणजे अदमासे गव्हाच्या दोन दाण्यांइतके वजन. एवढी अल्प झीज मोजता येते, हे या विद्येचे सामर्थ्य होय. लोखंड बोअर, रिंगा, कॅम, गिअर किंवा टायमिंग चेन यांतून येते, अॅल्युमिनियम पिस्टनातून, तांबे पितळी वा काशाच्या बुशांतून, आणि सिलिकॉन मुख्यतः मातीतून. मातीत सिलिकॉनाबरोबर अॅल्युमिनियमही असतो, सबब हे दोन्ही एकदम वाढले आणि त्याबरोबर लोखंडही वाढले, तर प्रथम हवेची गाळणी पाहावी.

अहवाल वाचताना दोन चुका होतात. पहिली, अंतर न पाहणे. समजा, एका खेपेस ३,००० किलोमीटरनंतर लोखंड ६० भाग निघाले आणि दुसऱ्या खेपेस १,५०० किलोमीटरनंतर ४५ निघाले. आकडा उतरला म्हणून समाधान मानू नये. पहिल्या वेळी हजार किलोमीटरला २० भाग झीज होती, ती आता ३० झाली आहे. दुसरी चूक, मधे ओतलेले तेल विसरणे. नवे तेल ओतले की जुन्यातील धातू पातळ होऊन आकडा लहान दिसतो. जी गाडी तेल खाते तिचाच अहवाल असा फसवितो.

या तपासणीस एक मोठी मर्यादा आहे. सुमारे आठ-दहा मायक्रॉनांहून मोठे कण या यंत्राच्या ठिणगीत पुरते जळत नाहीत, सबब ते मोजणीत नीट येत नाहीत. गिअरचा दात किंवा बेअरिंगची गोळी तुटण्याच्या मार्गावर असता जे टवके निघतात ते याहून पुष्कळ मोठे असतात. अहवाल चांगला आणि बेअरिंग फुटलेले, असे म्हणूनच घडू शकते. ते टवके लोहचुंबकास व डोळ्यांस मात्र दिसतात.

शिवाय एका लीटर तेलासाठी प्रयोगशाळेत नमुना धाडण्याचा खर्च बहुधा त्या तेलाच्या किमतीहून अधिक पडतो. सबब एकट्या फटफटीसाठी तो करावा, असे आम्ही म्हणत नाही. ट्रॅक्टर किंवा मोठे जनरेटर असेल तर गोष्ट निराळी; तेथे तेलही अधिक व इंजिनही महाग. फटफटीसाठी पुढील घरगुती रीत पुरेशी आहे.

घरची तपासणी

साहित्य थोडेच लागते: एक पांढरे पसरट भांडे, झाकणाची एक स्वच्छ काचेची बाटली, पांढऱ्या मलमलीचा तुकडा, थोडे रॉकेल, एक शिशपेन्सील आणि जुन्या रेडिओच्या भोंग्यातून काढलेला लोहचुंबक. हे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. विडी, चूल व दिवा दूर ठेवावा.

१. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी, म्हणजे तळाचा गाळ तेलात मिसळतो. सपाट जागी मोठ्या स्टँडवर उभी करावी. तेल काढण्याच्या नटाभोवतीची माती आधी पुसून घ्यावी. नाहीतर बाहेरची मातीच आतली म्हणून वाचली जाईल.

२. नट काढून तेल भांड्यात घ्यावे. हात जपावा, तेल कढत असते. धार अर्धी झाली की मधले थोडे तेल बाटलीत धरावे.

३. तेलात बोट बुडवून वास घ्यावा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि तेल पाण्यासारखे पातळ लागत असेल, तर जळण तेलात उतरत आहे. तेल पांढुरके दिसले तर पाणी समजावे.

४. बाटलीतील तेलात तितकेच रॉकेल घालून हलवावे आणि बाटली एक रात्र स्थिर ठेवावी. सकाळी उन्हात धरून बाहेरून काचेस लोहचुंबक लावावा व तो तळापासून हळूहळू वर न्यावा. लोखंडाचे कण काचेच्या आतून त्याच्यामागे सरकत येतात. जे तळाशीच राहिले ते अॅल्युमिनियम, पितळ, क्लचचा भुसा किंवा माती होय.

५. भांड्यातील तेल मलमलीतून गाळावे आणि कापडावर थोडे रॉकेल सोडून ते धुवावे. राहिलेले कण उन्हात पाहावे. मग कापड वाळवून, वर तारीख व किलोमीटर घालून जपून ठेवावे. पुढच्या कापडाशी ताडून पाहण्यास याहून चांगले साधन नाही.

६. ज्या गाडीत तेलाची धातूची जाळी बाहेरून काढता येते, तेथे तीही काढून पाहावी. पुष्कळ लहान इंजिनांत या जाळीशिवाय एक फिरती गाळणीही असते. दुधातून मलई वेगळी करणाऱ्या चक्रयंत्राप्रमाणे ती जोराने फिरते आणि जड कण आपल्या भिंतीवर बसवून ठेवते. इंजिनाची क्लचकडील बाजू उघडण्याचा प्रसंग येईल तेव्हा मिस्त्रीस ती उघडून साफ करावयास सांगावे, आणि आतला थर स्वतः पाहावा. कित्येक महिन्यांची झीज तेथे साठलेली असते. म्हणून काढलेले तेल स्वच्छ दिसले तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

खुणांचा अर्थ

लोहचुंबकावर करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप जमला आणि बोटांत चोळता कण जाणवला नाही, तर ती नेहमीची झीज आहे, चिंता नको. नव्या गाडीच्या किंवा नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाच्या पहिल्या तेलात चमचम अधिक दिसते. नवे भाग एकमेकांस बसत असतात, म्हणूनच पहिले तेल ५०० ते ७५० किलोमीटरच्या सुमारास बदलण्याची रीत आहे.

बोटास टोचणाऱ्या सुया किंवा किसासारखे धागे लागले, तर कोठेतरी धातू धातूस कापीत आहे. पुढचे तेल ठरल्या अंतराच्या निम्म्यावरच काढून पुन्हा पाहावे. ते प्रमाण वाढले असेल तर इंजिन उघडणे शहाणपणाचे.

चपटे, आरशासारखे चकाकणारे व चुंबकास चिकटणारे टवके दिसले, तर गिअरचा दात वा बेअरिंग ढासळत आहे असे समजावे. येथे वाट पाहू नये. तुटलेला तुकडा दोन दातांत सापडला तर गाडी चालत्या स्थितीत अडकते, आणि घाटाच्या उतारावर हा प्रश्न पैशाचा न राहता जिवाचा होतो.

रुपेरी पण न चिकटणारे कण पिस्टनाचे असू शकतात. मात्र नट जास्त आवळल्याने इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या आट्या खरवडल्या तरी अगदी असेच कण निघतात. म्हणून नटाच्या आट्या आधी पाहाव्या, मग पिस्टनावर आळ घ्यावा. सोनेरी कण बुशांचे. रबरासारखे काळे तुकडे बहुधा टायमिंग चेनच्या दाबपट्टीचे असतात. लवचीक दोरे हे जोडणीच्या वेळी लावलेल्या लुकणाचे.

निळा धूर हीही तेलाचीच वार्ता आहे. जोर देताना निळा धूर दिसला तर रिंगा व बोअर यांकडे संशय जातो. उतारावर मूठ सोडून पुन्हा दिल्यावर दिसला तर व्हॉल्व्हच्या सीलांकडे.

वही

वरील सर्व खुणांस मोल येते ते वहीमुळे. पाऊस कोणत्या नक्षत्रात किती पडला, हे जो लिहून ठेवतो त्यास यंदाचा पाऊस कमी की जास्त हे सांगता येते; इतरांची नुसती आठवण असते. तोच न्याय येथे लावावा. दर खेपेस पुढील गोष्टी लिहाव्या: तारीख, मीटरवरील किलोमीटर, तेलाचे नाव व दर्जा, मधे किती मिलीलीटर ओतले, चुंबकावर काय निघाले, जाळीवर व कापडावर काय दिसले, आणि एअर फिल्टर कधी बदलला. एका खेपेस सहा-सात ओळी पुरतात.

याशिवाय दर पंधरवड्यास तेलाची पातळी पाहावी. गाडी सपाट जागी मोठ्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, काडी पुसून पुन्हा बुडवावी. पुष्कळ गाड्यांत ही काडी आट्यांत न फिरविता नुसती टेकवून पाहावयाची असते; गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात जसे सांगितले असेल तसे करावे, पण प्रत्येक वेळी तसेच करावे. पहिल्या वर्षी हजार किलोमीटरला ५० मिलीलीटर ओतावे लागत होते आणि आता १५० लागतात, हे वहीत दिसले की रिंगांची स्थिती कोणी सांगावयास नको. धूर डोळ्यांस दिसण्याच्या पुष्कळ आधी वही ते सांगते.

तेल बदलण्याचे अंतर पुस्तकात साधारणपणे तीन ते सहा हजार किलोमीटर दिलेले असते. परंतु तीच पुस्तके धुळीच्या वाटेवर ते कमी करण्यासही सांगतात. आपल्या मळवाटा कोणत्या वर्गात बसतात, हे सांगण्याची गरज नाही.

तेल घेताना व टाकताना

फटफटीत क्लच तेलात बुडालेला असल्याने मोटारीचे तेल तिला चालत नाही. काही मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व त्यांनी क्लच सरकू लागतो. यासाठी डब्यावर 'जासो एम ए' ही खूण पाहावी. हे जपानी मान १९९८ साली ठरविण्यात आले. जाडीचा अंक, उदाहरणार्थ १० डब्ल्यू ३० किंवा २० डब्ल्यू ५०, गाडीच्या पुस्तकात असेल तोच घ्यावा. ट्रॅक्टरचे उरलेले तेल फटफटीत ओतण्याची काटकसर करू नये. त्याने वहीतील नोंदींचाही मेळ तुटतो. डबा आपल्यासमोर उघडावा, आणि रिकामा झाला की भोक पाडून निकामी करावा. चांगल्या नावाच्या रिकाम्या डब्यांतूनच बनावट तेल विकले जाते.

जळके तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घातक कचऱ्यात गणलेले आहे. ते विहिरीच्या काठी, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. गुरांच्या गोचिडांवर वा जखमांवर ते चोळण्याची चाल तर तत्काळ बंद झाली पाहिजे. ज्या तेलात आपण धातूचा कीस शोधतो, ते मुक्या जनावराने चाटावे हे योग्य नव्हे. बंद डब्यात साठवून ते परवानाधारक संग्राहकास द्यावे. गावातील दहापाच जणांनी मिळून एक डबा ठेवला तर हे काम सुलभ होते.

आमची शेतकरी बंधूंस विनंती इतकीच की, पुढच्या खेपेस मिस्त्रीने नट सोडला की दुकानाबाहेर चहास न जाता भांड्याजवळ उभे राहावे. वर सांगितलेले सारे एकदम करणे न साधले तरी, लोहचुंबक तेलात फिरवून त्यावर काय येते ते पाहावे आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहावे. पहिल्या नोंदीचा उपयोग त्या दिवशी होणार नाही. तो दुसऱ्या नोंदीच्या दिवशी होईल, आणि तिसऱ्या नोंदीपासून आपले इंजिन कोणत्या वाटेने चालले आहे ते आपणास आपल्याच अक्षरांत वाचावयास मिळेल.